सहा चाळीसचा धडा

१

वकिलांच्या ऑफिसातून सुटलं की सौम्या बेळगावात, शहापुरातल्या भाड्याच्या खोलीवर यायची, गॅसवर चहा ठेवायची आणि चहाला उकळी येईपर्यंत जर्मन बोलायची. परिचारिका औषध देते. रुग्णाला ताप आहे. तुम्ही दमलात का? मोबाईलवरच्या भाषा शिकवणाऱ्या ॲपमधली खार शेपटी हलवायची, उत्तर बरोबर आलं तर एक अक्रोड द्यायची आणि शेवटी आकडा दाखवायची: सलग दिवस, एकशे चाळीस. तोवर चहा हमखास उतू गेलेला असायचा.

खरं तर सौम्याचा आणि जर्मनीचा काडीचा संबंध नव्हता. तिला पासपोर्टही नव्हता. जर्मनीला जायचं होतं ते तिच्या धाकट्या भावाला, साईराजला. बेळगावातल्या एका दवाखान्यात तो नर्सिंगच्या नोकरीला होता. रोज सकाळी गुंजीला, त्यांच्या गावच्या स्टेशनात, गाडी पकडायच्या आधी, सहा चाळीसला, खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्याचा धडा चालायचा. उत्तर चुकलं की जिभेने 'च्' करायचा. त्या भाषेत एक स्वर आहे, ओठ 'ऊ'चे करायचे आणि आवाज 'ई'चा काढायचा; तो त्याला महिनाभर जमेना. शेवटी आईच चुलीपुढून म्हणाली, "चूल फुकल्यागत तोंड कर की रं." आणि जमलं. घरभर हसू झालं होतं त्या दिवशी.

गेल्या पावसाळ्यात मोटारसायकल घसरली आणि साई गेला. सत्तावीस वर्षांचा होता.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. ओढ्याकाठी निवद मांडला. भात, मासळीचं कालवण, बेळगावचा कुंदा, कपभर चहा. कावळे समोरच्या झाडावर ओळीने बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ. मग नेहमीप्रमाणे एकेकजण पुढे होऊन बोलू लागला. परशराम काका म्हणाले, "तुझी गाडी इकणार न्हाय." कुणी म्हणालं, "आईला अंतर देणार न्हाय." दोन तास गेले. मंगल, म्हणजे आई, उन्हात बसल्या जागी कलंडायला आली होती. बाप भावकू पाच वर्षांपूर्वी गेला, आता पोरगा, आणि तोही अडकून राहिलेला. सौम्याला ते बघवेना. ती पुढे झाली आणि मनात आलं ते बोलून गेली.

"साई, तुझा जर्मनचा धडा मी चालू ठेवते. एक दिवस बी चुकवणार न्हाय."

कावळा उतरला. भाताला चोच लावली, मग कुंद्याला. बायकांनी मोठमोठ्याने रडून घेतलं. फक्त म्हातारे भरमू आप्पा, गावातली ही सगळी कार्यं सांगणारे, सौम्याकडे जरा वेळ बघत राहिले आणि पाय धुवायला ओढ्यात उतरले.

त्याच संध्याकाळी तिने साईच्या खात्यात शिरून पहिला धडा केला. मध्ये तीन दिवस बुडाले होते, त्यामुळे आकडा शून्यावर गेला होता. तो तिने पुन्हा एकपासून सुरू केला.

२

एकशे एक्केचाळिसाव्या दिवशी पहाटेच सौम्याला ताप भरला. असा भरला की घरमालकिणीने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दोन दिवस सलाईन, ग्लानी आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईचं कण्हणं. मोबाईल पिशवीच्या तळाशी बंद पडून होता.

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी शुद्ध नीट आल्यावर पहिली आठवण धड्याची झाली. वचन मोडलं. तिला खरोखर रडू फुटलं. नर्सकडून चार्जर मागून तिने मोबाईल सुरू केला. आता शून्य दिसणार म्हणून मन घट्ट करून बसली.

सलग दिवस, एकशे बेचाळीस.

त्या ॲपमध्ये महिन्याला दोन दांड्या माफ असतात. त्या खर्ची पडल्या असणार, असं तिला वाटलं. तिने बघितलं तर दोन्ही दांड्या जशाच्या तशा शिल्लक. मग मागच्या धड्यांची यादी उघडली. काल, सकाळी सहा चाळीस. परवा, सकाळी सहा चाळीस. दोन्ही धड्यांत एकही चूक नव्हती.

"यंत्रच शेवटी ते," ती स्वतःशी म्हणाली. "चुकत असणार." आणि त्या दिवसाचा धडा करून टाकला. अकरा चुका झाल्या.

३

घरी आल्यावरही सहा चाळीस सुटलं नाही. ती संध्याकाळी धडा करायला बसायची, तेव्हा त्या दिवसाचा एक धडा आधीच झालेला असायचा. रोज, आणि रोज बिनचूक. तिचा स्वतःचा धडा 'माझी पिशवी कुठे आहे' याच्या पुढे सरकत नव्हता, आणि सकाळचे धडे पार वरच्या पायरीचे: रक्तदाब, जखमेची पट्टी, नातेवाइकांना वाईट बातमी कशी सांगावी.

तिने ऑफिसातल्या केतकीला सांगितलं. केतकी मोबाईलमधली वाघीण.

"भुताटकी बिताटकी काही नाही," केतकी म्हणाली. "पासवर्ड कुणाकडे तरी असेल. खातं कुठकुठल्या फोनवर उघडंय ते दिसतं. आण इकडे."

यादीत दोन फोन होते. एक सौम्याचा. दुसऱ्याच्या पुढे लिहिलं होतं: साईराजचा फोन.

सौम्याला इतकं हायसं वाटलं की ती मोठ्याने हसली. साईचा फोन गुंजीला घरीच होता. त्याच्यात त्याचे फोटो होते म्हणून आई तो देवापुढच्या दिव्यासारखा चार्ज करून ठेवायची. म्हणजे आईच सकाळी फोन घेऊन बसत होती, दाबत होती. बिचारी. पोराची आठवण, दुसरं काय.

रात्रीचं जेवताना तिचा घास हातातच राहिला. आई मराठी चौथीपर्यंत शिकलेली. कन्नड बोलायची फाडफाड, पण कन्नडातली पाटी वाचता येत नव्हती. इंग्रजी अक्षर तर तिला एकही कळत नव्हतं.

४

शनिवारी सौम्या गाडीने गुंजीला गेली. आई स्टेशनाच्या वाटेवर समोर आली, तेव्हा आधी ओळखूच आली नाही. ब्लाऊजच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या.

"जेवत न्हाईस व्हय गं?"

"जेवतोय की," आई म्हणाली. "येळ मिळत न्हाय बघ सकाळचा."

रविवारी सौम्या मुद्दाम लवकर उठली आणि अंथरुणातच पडून राहिली. बाहेर धुकं होतं. गोव्याकडची मालगाडी गेली, तशी फळीवरची भांडी किणकिणली आणि थांबली. मग आतल्या खोलीत प्लास्टिकची खुर्ची कुरकुरली. सौम्या उठून दाराशी गेली.

खुर्च्या दोन होत्या. एकीवर आई बसली होती, मांडीवर साईचा फोन. दुसरी तिच्या उजव्या हाताला, अगदी चिकटून, रिकामी. आई फोनकडे बघतही नव्हती. नजर समोरच्या भिंतीवर. मान जराशी उजवीकडे कललेली, बहिऱ्या माणसाच्या कानात कुणी काही सांगत असल्यासारखी. मग बोट खाली यायचं आणि पडद्यावर टेकायचं. खार टाळ्या वाजवायची. पुन्हा मान कलायची.

बोलायचा भाग आला. आईने चूल फुंकल्यागत ओठ केले आणि एक लांबलचक जर्मन वाक्य सरळ बोलून दाखवलं. सौम्या दारातून आत आली.

"आई, तुला ह्ये कसं येतंय?"

आईने तिच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर ना आश्चर्य, ना भीती. ताक करताना कुणी काही विचारलं तर बघेल, तशी बघितली.

"मला कुठलं येतंय गं? त्यो सांगतोय, मी दाबतोय."

५

ऐकून ऐकून माणसाला पाठ होतं. साई दोन वर्षं रोज मोठ्याने म्हणायचा, आई बाहेर चुलीपाशी असायची. पोपटालाही येतं. दुपारभर सौम्याने स्वतःला हेच सांगितलं. मग तिला आठवलं, की त्या ॲपमध्ये आपण बोललेली वाक्यं साठवलेली असतात, परत ऐकता येतात.

ती फोन घेऊन परसात लिंबाच्या झाडाखाली गेली. पहिलं वाक्य लावलं. आईचा आवाज. दुसरं. आईचाच. तिसऱ्याला आवाज पूर्ण वाढवून फोन कानाला लावला. तेव्हा आईच्या वाक्याच्या आधी तिला श्वास ऐकू आला. कुणीतरी ओठ पुढे काढून बारीक फुंकर घालावी तसा. आणि त्या फुंकरीतच शब्द होते, पुसट, भराभर. मग तेच शब्द आईच्या आवाजात. एका ठिकाणी आई अडखळली. लगेच कुणीतरी जिभेने 'च्' केलं.

सौम्या फोन तिथेच गवतावर ठेवून भरमू आप्पांच्या घराकडे चालत सुटली. आप्पा अंगणात दोरी वळत बसले होते. तिने सगळं सांगितलं. आप्पांनी दोरी थांबवली नाही.

"मला त्या दिशीच वाटलतं," ते म्हणाले. "निवदाम्होरं फिटंल असंच बोलायचं असतंय, पोरी. घर बांधतो म्हण, भणीचं लगीन करतो म्हण. झालं की त्यो मोकळा, आपण मोकळं. तू रोजचं बोललीस. ते शिकायचं कवा संपतंय?"

सौम्याने आठवून बघितलं. शेवटच्या पायरीनंतर काय, हे साईनेच तिला एकदा सांगितलं होतं. आक्का, ते संपत न्हाय, उजळणी चालूच ऱ्हाती. भाषा सोडली की गंजती बघ.

"मग आता?"

"आता काय," आप्पा म्हणाले, "त्याला बसायला जागा दिलीस. उठ म्हणून कुणी सांगायचं?"

घरी आली तर चूल थंड होती. आई मिठाची बरणी हातात धरून उभी होती.

"ह्येला काय म्हणत्यात गं?" आईने विचारलं.

"मीठ, आई."

"व्हय, मीठ," आई म्हणाली, आणि थोड्या वेळाने, घाबरून, "आणि तुझ्या बाबांचं नाव?"

ती हरवत चालली होती. एक धडा भरला की तिच्या डोक्यातून घरातला एखादा शब्द, एखादं नाव जात होतं. भावाला धरून ठेवायच्या नादात आईही हातची जाणार, हे सौम्याला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि तिला साईचा राग आला. तो जिवंत असताना कधी आला नव्हता इतका राग आला.

६

पुढच्या शनिवारी ती ठरवूनच आली. साईचा फोन घेतला, खातं उघडलं, शोधत शोधत तळाशी गेली. खातं कायमचं पुसा. खारीचे डोळे पाण्याने भरले. खरंच पुसायचं? एकशे छप्पन्न दिवस वाया जातील.

आई दारात येऊन उभी राहिली. "काय करालीस?"

"बंद करालोय आई. लई झालं."

"नगं गं." आईने येऊन तिचा हात धरला. बोटं काटक्यांसारखी, पण पकड जुनीच, भात लावणाऱ्या बाईची. "तुला म्हाईत न्हाय. तुला ताप आलता बघ, त्या दिशी सकाळी त्यो उठला. दारापतोर गेला. मी म्हटलं, कुठं रं? तर म्हणतोय, आक्काकडं, आक्का आज धडा चुकवणार. तू तितं तापानं फणफणलेली, बाय. मी म्हटलं, तिला नगं, हितंच बस, मी म्हणतोय तुझ्यासंगं."

पाच महिने संध्याकाळी चहा उकळत आपण वचन पाळतो आहोत, असं सौम्याला वाटत होतं. आणि पंधरा दिवस आई तिच्या वाटचं अंगावर घेऊन बसली होती.

"खातंच न्हाय म्हटल्यावर कसला धडा, आई?" ती म्हणाली. स्वतःलाच समजावल्यासारखी म्हणाली. आणि तिने दाबलं.

पडदा पांढरा झाला. खार नाही, आकडा नाही. मग तिने फोन पूर्ण बंद केला आणि साईच्या टेबलावर ठेवला.

७

सकाळी मालगाडीने जाग आली. भांडी किणकिणली, थांबली. शेजारी आई गाढ झोपली होती. सौम्याने तिच्या अंगावर हात टाकला आणि बरं वाटून डोळे मिटले.

आतल्या खोलीत खुर्ची कुरकुरली.

लाकूड थंडीने वाजतं, प्लास्टिकही वाजत असेल. ती मनात आकडे मोजत पडून राहिली. मग तिच्या हाताखाली काहीतरी हललं. आईची मान उजवीकडे कलत होती. डोळे मिटलेले, श्वास झोपेचा, पण ओठ पुढे आलेले, चूल फुंकायला बसल्यागत.

सौम्याने तळहाताने आईचं तोंड दाबून धरलं. ओठ तळव्याखाली वाक्य जुळवत राहिले. आतून 'च्' असा आवाज आला. थोडा वेळ गेला आणि पुन्हा 'च्'. तिने हात काढला नाही. तेव्हा आईचा श्वासच अडला. छाती वर आली ती वरच राहिली. चेहरा काळवंडत चालला.

"सोड तिला," सौम्या अंधूक उजेडात म्हणाली. "साई, सोड. बोलले ते मी बोलले."

तिने हात काढला, आईची छाती हळूहळू खाली आली, तशी सौम्या उठली आणि आतल्या खोलीत गेली. दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. डावीकडच्या खुर्चीवर ती बसली, आई बसायची तशी. हातात काहीतरी धरायला हवं म्हणून तिने टेबलावरचा फोन उचलला. फोन बंदच होता. काळ्या काचेत खिडकीचा चौकोन दिसत होता, आणि तिचा स्वतःचा चेहरा, विस्कटलेले केस.

मग उजव्या कानावर गार फुंकर आली.

काचेत तिच्या कानापाशी ओठ होते. फक्त ओठ, पुढे काढलेले, जमवून जमवून केलेले, महिनाभर न जमणारा स्वर जमवण्यासाठी आईने शिकवले होते तसे. त्यांच्या मागे चेहरा असेल तर तो तिला दिसला नाही. तिने मान वळवून बघितलंही नाही.

वाक्य दवाखान्यातलं होतं. तिच्या पायरीच्या कितीतरी वरचं, तरी तिला शब्दन् शब्द कळला. घाबरू नका, मी इथे तुमच्याजवळच आहे.

सौम्याने ओठ पुढे काढले आणि ते म्हटलं. एकदा चुकली. 'च्' झालं. परत म्हटलं.

किती वेळ गेला कोण जाणे. चुलीचा धूर आला, तेव्हा उन्हाची तिरीप जमिनीवर पडली होती. बाहेर बांगड्या वाजत होत्या, पातेलं वाजत होतं.

"सौम्या गं, उठलीस व्हय?" आईने हाक मारली. आवाज पूर्वीचा, भरलेला. "च्या टाकतोय. आज तुझ्या बाबांची लई आठवण आली बघ. भावकूला माझ्या हातचा च्या लागायचा." मग ती दारात आली. हातात फुंकणी होती. रिकाम्या खुर्चीवरून तिची नजर सरळ निघून गेली. "कुणासंगं बोलालतीस?"

आईला काहीच आठवत नव्हतं. सौम्याने तिच्या चेहऱ्याकडे पोटभर बघून घेतलं.

"कुणासंगं न्हाय, आई. फोन आलता ऑफिसचा."

"रविवारचा बी सोडत न्हाईत," आई पुटपुटली आणि चुलीकडे वळली.

सौम्याने काळी काच पालथी करून टेबलावर ठेवली. उद्या सोमवार. उद्या सहा चाळीसला ती शहापुरातल्या खोलीत असेल, आणि तिथे खुर्ची एकच आहे. आणखी एक घ्यावी लागेल. काल तिने आकडा पुसला होता, म्हणजे माफ दांड्याही पुसल्या होत्या, आणि साखळी कधी तुटायची सोयही. किती झाले, किती उरले, हे सांगायला आता खारसुद्धा नव्हती.

चहाला उकळी आल्याचा आवाज आला. आज तो उतू गेला नाही.